औंधचे राजे आणि आपले गुडघे

औंध म्हटलं की पुण्याकडच्या मैत्रिणींना पुण्यातलं औंध आठवतं. मी सांगतेय ते औंध वेगळं. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेलं. यमाई ज्यांची कुलदेवता आहे त्यांना तिथली वाट पाठ असेल. इंग्रजांच्या काळात इथे पंतप्रतिनिधींचं संस्थान होतं. मोठं नव्हे हो, अवघी ७२ गावं. तीसुद्धा एका जागी नाहीत. काही औंधच्या आसपास, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही थेट विजापूरच्या बाजूला. एवढ्याशा संस्थानाचा राजा जगाच्या लक्षात राहावा तरी कशासाठी? तर सूर्यनमस्कारांसाठी.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ऊर्फ बाळासाहेब. जन्म १८६८ चा. आज शाळेच्या मैदानावर, योगवर्गात, टीव्हीवर जे सूर्यनमस्कार दिसतात ते घराघरांत पोचवण्यासाठी या माणसाने आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं घातली. नमस्कार त्यांनी शोधून काढले असं मात्र नाही. आपल्याकडे नमस्कार घालण्याची चाल त्यांच्या आधीपासून होती. तालमीत होती, देवघरात होती. पण ती काही जणांपुरती होती, आणि त्यातही पुरुषांपुरती. बाळासाहेबांनी तिला शाळेत आणलं, छापील पुस्तकात आणलं आणि घरातल्या बायकांपर्यंत नेलं. मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या शेवटच्या गोष्टीमुळे.

बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेले. म्हणजे माझ्यासारखेच आर्ट्‌सवाले! (बरोबरी तिथेच संपते.) राजघराण्यातला मुलगा त्या काळात कॉलेजात जाऊन पदवी घेतो याचं लोकांना अप्रूप होतं. त्यांना चित्रकलेचा मोठा नाद. स्वतः ब्रश धरायचे, रामायणाची चित्रं काढायचे. कीर्तनंही स्वतः करायचे. राजा कीर्तनाला उभा राहतोय आणि समोर प्रजा बसलीय, हे चित्रच किती वेगळं आहे ना! पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढायचं ठरवलं तेव्हा तिला मोठा आर्थिक आधार देणारेही हेच. पण आपला विषय शरीराचा आहे, तेव्हा तिकडेच वळू या.

तरुणपणी बाळासाहेबांना व्यायामाची ओढ होती, पण सुरुवात देशी व्यायामाने झाली नाही. त्या काळी युजीन सँडो नावाच्या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. सँडोची पुस्तकं आणि डंबेल्ससारखी त्याच्या पद्धतीची साधनं दूरदेशी विकली जात. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास ती मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं त्याबरहुकूम व्यायाम केला. आज आपल्या तालुक्याच्या गावातसुद्धा जिमच्या पाट्या लागल्यात. शंभर वर्षांपूर्वीच्या या राजाने तोच रस्ता आधी चालून पाहिला होता.

मग १९०८ च्या सुमारास त्यांची गाडी नमस्कारांकडे वळली. त्याला कारण झाले मिरजेचे राजेसाहेब. त्यांचंही नाव बाळासाहेबच, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो. मिरजेच्या बाळासाहेबांचं पाहून औंधच्या बाळासाहेबांनी नमस्कार सुरू केले आणि वजनं मागे पडली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर बसले. तेव्हा त्यांचं वय चाळीसच्या आसपास. मैत्रिणींनो, हा आकडा लक्षात ठेवा. चाळिशी आली, आता कसला व्यायाम, असं म्हणायच्या वयात या माणसाने नवा व्यायाम धरला आणि तो आयुष्यभर सोडला नाही.

नमस्काराला लागतं काय? माणूस आडवा होईल एवढी जागा आणि एक सतरंजी. साधनं नाहीत, जोडीदार नको, खर्च शून्य. राजाला खर्चाची काय चिंता, असं वाटेल. पण त्यांच्या डोळ्यांपुढे प्रजा होती. औंध संस्थान गरीब. खटाव, आटपाडी हा भाग पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला डंबेल्स कुठून मिळणार? नमस्कार मात्र कुणीही घालावा. बाळासाहेबांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. शिक्षणावर या राजाचा भर इतका की बाहेरगावची गरीब मुलं औंधला शिकायला येत. आपले साने गुरुजी काही काळ औंधच्या शाळेत होते. गदिमाही तिथे शिकले. या मंडळींनी किती नमस्कार घातले ते मला ठाऊक नाही, पण चुकवणं अवघड असणार!

मुलींनी नमस्कार घालावेत ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळात मुलगी वयात आली की पळणं, उड्या मारणं बंद व्हायचं. पाठ सरळ करून उभं राहिलं तरी कुणीतरी डोळे वटारायचं. अशा वेळी राजा म्हणतो की मुलींनी आणि बायकांनीही रोज नमस्कार घालावेत. नुसतं म्हणत नाही, स्वतःच्या वाड्यापासून सुरुवात करतो. राणीसाहेब नमस्कार घालत, मुलंही घालत. लोकांना सांगायचं आणि आपल्या घरातल्या बायकांना पडद्याआड ठेवायचं, असला प्रकार इथे नव्हता.

राजेसाहेबांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. उभं राहून हात जोडायचे, पुढे वाकून तळवे जमिनीला टेकवायचे, एक पाय मागे, मग दोन्ही मागे, मग साष्टांग, मग छाती वर उचलून पाठ मागे वाकवायची, मग कंबर उंच, पुन्हा पाय पुढे, आणि उलट्या क्रमाने उभं. सोबत श्वास आणि मंत्रांचे उच्चार. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थिती शिकवतात, त्यात हात डोक्यावरून मागे नेण्याचीही एक असते. आता हे वाचताना मनातल्या मनात आपल्या दिवसभराच्या कामाशी ताडून बघा.

आमच्या महिला मंडळात व्यायामाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं. आम्हाला घरकामाचा व्यायाम काय कमी होतो का? हे उत्तर मी वीसेक वर्षं ऐकतेय आणि ते खोटं नाही. घरकामात दमणूक भरपूर आहे. पण सगळी हालचाल एकाच दिशेची आहे. ओट्यापाशी उभं राहतो तेव्हा मान खाली. भाजी चिरताना, कणीक मळताना, भांडी घासताना खांदे पुढे. झाडताना, पुसताना कंबर पुढे. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. दिवसभरात आपली पाठ मागे वाकते का? एकदाही नाही. हात कानाला लागतील असे सरळ वर जातात का? डबा वरच्या फळीवर असला तर, तोही आपण मुलाला काढायला सांगतो. आणि जातं, उखळ, पाट्यावर वाटणं, मांडी घालून जेवायला बसणं हे गेल्यावर जमिनीवरून उठणं-बसणंही दिवसातून फारसं उरलं नाही. एका नमस्कारात पाठ पुढे जाते, मागेही जाते. मांड्या वजन पेलतात, खांदे वजन पेलतात, घोटे दुमडतात, मनगटं वाकतात. जे सांधे घरकामात विसरले जातात त्यांचीच पाळी इथे येते.

आणि सांध्याला हालचाल लागते म्हणजे नक्की काय होतं? आमच्याकडे एकदा हाडांच्या डॉक्टर बोलायला आल्या होत्या, त्यांनी फार सोपं करून सांगितलं. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण कुठून? सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो त्यातून. सांधा हलला की कूर्चा ओल्या स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, तेव्हा तो द्रव तिच्यात आतबाहेर होतो. सांधा हलवलाच नाही तर हे काम मंदावतं. स्नायूंचंही तसंच. तिशी-चाळिशीनंतर ते हळूहळू कमी होत जातात, आणि वापरले नाहीत तर जास्त वेगाने. मांडीचे स्नायू दुबळे झाले की त्यांचा भार गुडघ्यावर पडतो. गुडघा दुखतो म्हणून आपण चालणं कमी करतो, मग मांडी आणखी दुबळी. या चक्रात आपल्यापैकी किती जणी अडकल्यात ते मोजायला हाताची बोटं पुरायची नाहीत.

बाळासाहेबांना ही कूर्चेची माहिती नव्हती. त्यांनी अनुभवावरून ओळखलं की रोज, न चुकता, सगळं अंग हललं पाहिजे. पुढे १९२०च्या दशकात त्यांनी नमस्कारांवर पुस्तक लिहिलं. प्रचाराचा सपाटा लावला. आणि मग महाराष्ट्रात जे व्हायचं तेच झालं, त्यांची टिंगलही झाली! १९३३ साली आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' नाटक आलं. त्यातल्या रावबहादूरांना नमस्काराचं वेड. कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे औषध एकच. लोक पोट धरून हसले. त्या हसण्यामागे औंधच्या राजांचा हा प्रचार होता, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं.

मला विचाराल तर अत्र्यांचा चिमटा थोडा बरोबर होता. बाळासाहेबांनी नमस्कारांकडून फारच मोठ्या अपेक्षा धरल्या होत्या. नमस्काराने सगळे रोग पळतात असं आज कुणी सांगितलं तर आपण विश्वास ठेवू नये. शिवाय ते स्वतः रोज शेकड्यांनी नमस्कार घालत आणि मोठ्या माणसांनीही तेवढे घालावेत असं त्यांना वाटे. आता राजेसाहेबांच्या वाड्यात सकाळचे डबे कोण भरत होतं, पाणी कोण भरत होतं? तासभर नमस्कार घालायला सकाळ मोकळी असावी लागते. आपली नसते. सक्तीही मला फारशी पटत नाही. सक्तीने केलेली गोष्ट शाळा सुटली की सुटते. पण एवढं सगळं वजा केलं तरी जे उरतं ते थोडं नाही.

१९३६ साली बाळासाहेब विलायतेला गेले. तिथे 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्रातल्या लुईस मॉर्गन या बाईंची त्यांच्याशी गाठ पडली. साठी ओलांडलेला, ताठ चालीचा हा राजा बघून त्यांना कुतूहल वाटलं. त्यांनी नमस्कारांवर लेख लिहिले आणि १९३८ मध्ये राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक संपादित केलं. नाव 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ', म्हणजे त्याच आपल्या दहा स्थिती. गंमत बघा, सूर्य क्वचित दिसणाऱ्या देशात सूर्यनमस्कार पोचले, ते एका पत्रकार बाईच्या हातून.

याच सुमाराला औंधात आणखी एक मोठी गोष्ट घडत होती. बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. गांधीजींचा सल्ला घेतला गेला. राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे इंजिनिअर यांनी त्यासाठी कष्ट घेतले. १९३९ च्या जानेवारीत औंधला नवी राज्यघटना मिळाली. गावाचा कारभार गावकऱ्यांकडे गेला. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी एक राजा स्वतःहून खाली उतरतो! आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहतही त्याच काळात झाली. तिच्यावरून पुढे शांतारामबापूंना 'दो आंखे बारह हाथ' (१९५७) सुचला. कैद्यावर भरवसा टाकणारा आणि शाळेतल्या पोरीला सतरंजीवर उभी करणारा राजा एकच. माणसाला स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे त्याचं दोन्हीकडचं काम होतं, असं मला वाटतं.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षात, बाळासाहेब गेले. त्यांचं काम आप्पासाहेबांनी पुढे चालवलं. ते स्वतंत्र भारताचे राजदूत होते, देशोदेशी राहिले, आणि त्यांनीही नमस्कारांवर छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं. औंधला गेलात तर डोंगरावरचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय नक्की बघा. राजेसाहेबांनी १९३८ मध्ये उभारलेलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पही आहे. आमच्या बचत गटाची सहल तिथे गेली होती. शिल्पापुढे फार कुणी थांबलं नाही, पण डोंगर चढताना कोण कितव्या पायरीला बसलं याची चर्चा परतीच्या गाडीत शेवटपर्यंत चालली.

त्या सहलीनंतरच आमच्या मंडळात गुरुवारची पहिली पंधरा मिनिटं व्यायामाची ठरली. राजेसाहेबांचे शेकडो नमस्कार बाजूला ठेवले. आम्ही तीनपासून सुरुवात केली, तेही सावकाश. आता बऱ्याच जणी घरी रोज पाच-सहापर्यंत आल्यात. आधी मान, खांदे, मनगटं, घोटे हलके फिरवून घेतो, मग नमस्कार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते, भरभर चालण्यासारखी. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती. २०२० च्या सूचनांत ती काढून टाकली. म्हणजे कुकरच्या तीन शिट्या होईतो केलेली हालचालही हिशेबात धरतात. आपल्यासाठी ही केवढी सोय!

सगळ्यांनीच जमिनीवर जाऊ नये, हेही सांगते. गुडघ्याची झीज जास्त असेल, कमरेत गादी सरकलेली असेल, रक्तदाब काबूत नसेल, दिवस गेलेले असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेल्या बायकांनी खोल पुढे वाकणं स्वतःच्या मनाने करू नये. करताना ताण जाणवला तर ठीक, कळ आली तर थांबायचं. राजेसाहेबांच्या पुस्तकातल्या जोमापेक्षा इथे डॉक्टरांचा सल्ला मोठा.

आमच्यातल्या एका पन्नाशीतल्या बाईंचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालता येत नव्हती, ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. सुनेला सांगायची लाज, म्हणून त्यांनी केस कापून टाकले आणि उन्हामुळे कापले असं सगळ्यांना सांगितलं. हे त्यांनी आम्हाला सांगायलाही चार महिने लागले. मधुमेह असलेल्यांत हा त्रास जास्त आढळतो, आणि त्यांना तो होता. फिजिओथेरपिस्टने भिंतीवरून बोटं वर चढवायचा साधा व्यायाम दिला. रोज भिंतीवर पेन्सिलीची खूण करायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, मुलांची उंची मोजतात तशा, एकावर एक. त्या नमस्कार अजून घालत नाहीत. आमच्याकडे खुर्चीवर बसून व्यायाम करणाऱ्या चौघींची रांग आहे, त्या रांगेत पहिल्या बसतात. दोन्ही हात वर करून म्हणतात, आज कानापर्यंत आला बरं का! केस आता खांद्याच्या खाली गेलेत.